ज्याचं त्याचं भांडं

आमच्या नॉर्बर्ग गावात घरातलं माणूस गेलं की लोक रडायला येत नाहीत, भांडं घेऊन येतात. भांड्यात हॉटडिश असते. खाली खिमा, त्यावर घेवडा, त्यावर डब्यातलं मशरूमचं सूप आणि सगळ्यात वर बटाट्याचे गोळे, असं थर लावून ओव्हनमध्ये बुडबुडे येईपर्यंत भाजायचं. मग दारात उभं राहून "फार काही नाही, आपलं असंच केलं" म्हणायचं, हवेबद्दल दोन वाक्यं बोलायची आणि निघून जायचं. माझी बायको आर्डिस एप्रिलमध्ये गेली, तेव्हा एवढी भांडी आली की फ्रीज भरला, तळघरातला जुना फ्रीज भरला, आणि उरलेली मी गॅरेजमध्ये ट्रकच्या बॉनेटवर मांडली. एप्रिलमध्ये आमच्याकडे गॅरेज आणि फ्रीज यांत फक्त दिव्याचा फरक असतो.

प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहिलेलं असतं. ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याच्या डोक्यात भांड्यांचा हिशेब राहत नाही, म्हणून ही सोय. वाडवडिलांनी फार विचार करून काढलेली पद्धत आहे. माझ्यासारखा माणूस त्यांनी हिशेबात धरला नव्हता, एवढंच.

आर्डिसनं सगळ्या संसारात मला भांडी घासू दिली नव्हती. मला वाटायचं, माझ्यावरच्या प्रेमापोटी. हॉटडिश खाऊन संपल्यावर मी सगळी भांडी न्हाणीघरातल्या टबात एकदम घातली, वरून उकळतं पाणी ओतलं, साबण टाकला आणि रेडिओवर बेसबॉलची मॅच ऐकत बसलो. मॅचमधली बरोबरी सुटेना, लांबतच गेली. परत आलो तेव्हा भांडी लखलखत होती आणि सगळ्या गावाच्या नावपट्ट्या पाण्यावर तरंगत होत्या. शाई विरघळली होती. पाणी जांभळं झालं होतं.

त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला. जोलीन मिनिॲपोलिसला असते.

"बाबा, माझ्याच इमारतीत, माझ्या एक मजला खालचा फ्लॅट रिकामा होतोय. समोर हॉस्पिटल आहे. रस्ता ओलांडला की हॉस्पिटल."

"मला काय झालंय?"

"आईला तरी काय झालं होतं?"

मी म्हणालो, "लोकांची भांडी परत केल्याशिवाय गाव सोडता येत नाही."

"ठीक आहे. भांडी परत कर, मग ये."

"बरं," मी म्हणालो. फोन ठेवण्यासाठी माणूस कशालाही बरं म्हणतो. पण जोलीन शहरात राहून अशी झाली आहे की तिथे 'बरं' म्हणजे बरंच. तिनं दुसऱ्या दिवशी त्या फ्लॅटसाठी माझं नाव देऊन टाकलं.

आता काचेची भांडी सगळी एकसारखी. आमचं हार्डवेअरचं दुकान एका हिवाळ्यात बुडायला आलं, तेव्हा ती स्वस्तात विकायला निघाली होती आणि गावानं एकाच दिवशी उचलली होती. तरी मी एक भांडं घेऊन आयोनबाईंकडे गेलो. आयोन हाउगेन म्हणजे आमच्या चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकाच्या प्रमुख. त्यांच्या नजरेतून कपबशीसुद्धा सुटत नाही.

"आयोनबाई, हे तुमचं का?"

त्यांनी ते उजेडात धरलं. "असेलही. पण दुसऱ्या कोणाचं असलं तर? नको, राहू दे."

"मातीचं पिवळं तर तुमचंच. मग काचेचं कोणतं?"

"माझं राहू दे रे. माझं काय एवढं."

नॉर्बर्गमध्ये कोणी काही देऊ केलं की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. पहिल्या फटक्यात हात पुढे करणारा माणूस हावरट. हे मला जन्मापासून ठाऊक आहे, पण एवढ्या भांड्यांपैकी प्रत्येक भांडं प्रत्येक घरी तीन-तीनदा देऊ करायचं म्हटलं, तर पुढचा उन्हाळा उजाडला असता.

शेजारचा डेलमार कुंपणावर रेलून सगळं बघत होता. डेलमार निवृत्त झाल्यापासून कुंपण हेच त्याचं ऑफिस आहे.

"आणि रिकामं भांडं घेऊन गेला होतास?" तो म्हणाला.

"मग? त्यात काय दगड भरून नेऊ?"

"वर्लिन, रिकामं भांडं कोणी परत देतं का? आर्डिसनं शिकवलं नाही तुला काही?"

परसात रुबार्ब माजलं होतं. लाल देठांची आंबट भाजी. आर्डिस त्याचा केक करायची. मी अंदाजानं केला. अंदाजात साखर बसली नव्हती. तरी मी तो भांड्याभांड्यांतून भरला आणि घरटी एक या हिशेबानं दारोदार ठेवून आलो. बेल वाजवायची, भांडं पायरीवर ठेवायचं आणि पळायचं. बहात्तराव्या वर्षी पळणं म्हणजे काय, ते त्या लोकांनी खिडकीतून आरामात पाहिलं असणार.

युक्ती चांगली होती. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. भांडं भरलेलं आलं होतं. भरलेलं आलेलं भांडं रिकामं ठेवून घेणं म्हणजे चोरीच. आठवडा उलटायच्या आत सगळी भांडी माझ्या दारात परत आली. खाली खिमा, त्यावर घेवडा.

"तुझा केक छान होता," प्रत्येक जण म्हणाला. "आंबट मला आवडतंच."

मी पुन्हा हॉटडिशला लागलो. मधे एकदा मला वाटून गेलं की या गावातून सुटका नाही, आणि खरं सांगतो, त्या विचारानं मला बरं वाटलं.

पुढची अक्कल डेलमारचीच. "अंगणात टेबल मांड. सगळी भांडी ठेव. तू घरात जा. ज्याचं त्याला माहीत असतं, कोणी बघत नाही म्हटल्यावर आपापलं उचलतील."

मी टेबल मांडलं आणि तासाभरात ट्वायला हजर. ट्वायला गावच्या कचेरीची चिटणीस. कचेरी मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी उघडी असते, बाकीचे दिवस ट्वायला स्वतःच कचेरी असते.

"वर्लिन, अंगणातली विक्री फक्त गावविक्रीच्या शनिवारी करता येते. नियम आहे."

"विकतोय कुठे? परत देतोय."

"त्याला परवाना नाही."

"म्हणजे बंदी नाही."

"म्हणजे तसं कोणी आजवर केलेलं नाही. जे कोणी केलं नाही त्याला मी हो कसं म्हणू?" मग तिनं टेबलावरून नजर फिरवली. "त्यात माझंही आहे एक."

"मग घे ना!"

"मी आत्ता कामावर आहे," ती म्हणाली.

गावविक्रीच्या शनिवारपर्यंत थांबलो. त्या दिवशी सगळं गाव आपली अडगळ अंगणात मांडतं आणि शेजाऱ्याची अडगळ विकत घेतं. महामार्गावरून बाहेरचेही लोक वळतात. मी टेबलावर पाटी लावली, 'आपापलं भांडं न्या', आणि डेलमारला राखणीला खुर्चीवर बसवून, मी बघत नाही असं वाटावं म्हणून, आत जाऊन लोळलो. युक्ती लागू पडली. उठून आलो तेव्हा टेबल रिकामं होतं! काचेची भांडी गेली होती, आयोनबाईंचं मातीचं पिवळं भांडं गेलं होतं. ते एकच भांडं मी पाण्यात घालूनही ओळखत होतो. त्याच्या काठावर निळी फुलं होती. तेही मी त्यांना दोनदा देऊ केलं होतं आणि त्यांनी दोनदा नको म्हटलं होतं.

"आयोनबाई आल्या होत्या ना?" मी डेलमारला विचारलं.

"नाही. त्या तर आत्ता येतायत."

खरंच, त्या फाटकातून आत येत होत्या.

"मग पिवळं भांडं कोणी नेलं?"

"मिनिॲपोलिसचं एक जोडपं होतं. फार छान माणसं. पाटी वाचली आणि म्हणाले, नेऊ का? पैसे देत होते रे. पण मी घेईन होय? आपलं नव्हतंच ते."

आयोनबाईंनी सगळं ऐकलं. त्या भांड्यात त्यांच्या आईनं आणि आईच्या आईनं भाजलं होतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "भांडंच तर होतं."

इथे एक खुलासा केला पाहिजे. आमच्याकडे कोणी चिडलं तर "असं कसं केलंस" म्हणतात. फार चिडलं तर "बरं" म्हणतात. "असू दे" मी आयुष्यात आधी एकदाच, दोन भावांच्या भांडणात ऐकलं होतं, आणि त्या दोघांनी नंतर कधीच एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

सुदैवानं डेलमार डेलमार होता. त्या जोडप्याला टेबलाशी उभं ठेवून त्यानं त्यांचं नाव, गाव, धंदा, सासर आणि कुत्र्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं काढून घेतलं होतं. धंदा खाणावळीचा. खाणावळीचं नावही त्याला पाठ. मी ट्रक काढला. रिकाम्या हातानं जाणं बरं नाही, म्हणून घरातलं एकच भांडं उरलं होतं ते घेतलं. आर्डिसचं. त्याच्या बुडाची पट्टी शाबूत होती, कारण ते मी टबात घातलंच नव्हतं. त्यात केक भरला. या खेपेला साखर बघून घातली.

आधी जोलीनकडे गेलो. तिला वाटलं, बाप राहायला आला! मी गाडी लावतोय तोच ती खाली आली, मिठी मारली आणि मला सरळ तो फ्लॅट बघायला घेऊन गेली.

फ्लॅट चांगला होता. वाईट असता तर फार सोयीचं झालं असतं. उजेड होता, पायऱ्या नव्हत्या, न्हाणीघरात धरायला दांडा होता. गॅलरीतून हॉस्पिटल दिसत होतं.

"समोरच्या दारात कोण राहतं?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"तुझ्या मजल्यावर?"

"तेही माहीत नाही, बाबा. आणि मला ते आवडतं."

"ते कसलं आवडणं?"

"माझं लग्न मोडलं तेव्हा तू डेलमारकाकाला सांगितलंस. दुसऱ्या दिवशी आयोनबाईंनी मला फोन करून विचारलं, जेवतेस ना नीट? चार दिवसांनी मी गावी आले, तर दुकानातली बाई मला एकटीच्या मापाचं दूध द्यायला लागली. मी सुट्टीला आले होते रे, भिकेला लागले नव्हते. इथे मी काय खाते, कधी रडते, कोणाला पत्ता नाही. मला इथे श्वास घेता येतो."

मी म्हणालो, "त्यांना वाईट वाटलं म्हणून."

"मला ठाऊक आहे. म्हणून तर पळाले."

हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. पण मी वाद घालायच्या भरात होतो, त्यामुळे ते मी डोक्याच्या दारातच उभं ठेवलं.

"आणि मला इथे गुदमरायला होतं," मी म्हणालो. "लिफ्टमध्ये मी एकाला नमस्कार केला, तर त्यानं खिसा चाचपला."

जोलीन हसली. मग हसू गेलं. तिनं गॅलरीच्या कठड्यावर हात ठेवला.

"आई गेली त्या दिवशी अँब्युलन्स कुठून आली होती?"

"ओल्सबीहून. तेवढ्या लांबून."

"आपल्या गावाची कुठे होती?"

"शेडमध्ये."

"बंद पडली होती?"

"नाही."

"मग?"

"चालवायला कोणी नव्हतं," मी म्हणालो. "चालवणारी पोरं शिकून बाहेर गेली. जी राहिली ती त्या दिवशी शेतात होती."

"मग, बाबा?"

मी खाली रस्त्याकडे बघत राहिलो. खरंच, रस्ता ओलांडला की हॉस्पिटल.

तशीच तोंडं घेऊन आम्ही दोघं त्या खाणावळीत गेलो. भिंती विटांच्या, दिवे दोरीला टांगलेले, आणि पाटीवर सगळ्यात वर लिहिलेलं: 'आजीच्या हातची हॉटडिश'. ती तळहाताएवढ्या लोखंडी वाडग्यात येत होती, वर मोजून चार बटाट्याचे गोळे. त्या किमतीत नॉर्बर्गमध्ये माणसाचं दफन होईल, भांड्यासकट. आयोनबाईंचं पिवळं भांडं फळीवर होतं. त्यात कसलंसं काटेरी झाड लावलं होतं.

मालक दाढीवाला, तिशीतला, नाव इमेट. मी त्याला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. त्यानं तिथल्या तिथे झाड उपटलं, भांडं धुतलं, पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"माफ करा. तुमच्या मित्रानं घेऊन जा म्हटलं म्हणून नेलं."

इतका सरळ माणूस निघेल असं वाटलं नव्हतं. माझा ऊर भरून आला, आणि माझी जीभ नॉर्बर्गची. मी आर्डिसचं भांडं पुढे करून म्हणालो, "हे तुम्हाला. केक आहे आत. भांडंही ठेवून घ्या."

"खरंच? थँक्यू!" असं म्हणून त्यानं घेतलं.

पहिल्या फटक्यात. एकदासुद्धा नको न म्हणता! मी हात पुढे तसाच धरून उभा राहिलो. त्यानं केक चाखला, "वा!" म्हणाला आणि आर्डिसचं भांडं आत स्वयंपाकघरात गेलं. झुलतं दार मागून बंद झालं.

मी ट्रकपर्यंत चालत आलो. किल्ली लागेना.

"बाबा, ते आईचं होतं ना?"

"हो."

"तू दिलंस कशाला?"

"दिलं नाही. देऊ केलं."

"मग जाऊन माग."

"दिलेलं मागायचं नसतं."

"आत्ताच म्हणालास दिलं नाही!"

"त्यानं घेतलं म्हणजे दिलं झालं. जाऊ दे, जोलीन. असू दे."

'असू दे' ऐकल्यावर ती माझ्याकडे बघतच राहिली. शेवटी ती नॉर्बर्गचीच. दार उघडून उतरली आणि ताडताड आत गेली. मला वाटलं, आता भांडण, आरडाओरडा, पोलीस. मी मान खाली घालून बसलो. ट्रकच्या काचेवर मेलेल्या किड्यांकडे बघत होतो तोच ती परत आली. हातात भांडं. केक त्याच्याकडे राहिला होता.

"काय म्हणालीस त्याला?"

"आईचं आहे, परत द्या म्हणाले."

"आणि तो?"

"'अरे हो का, घ्या ना' म्हणाला."

"बस?"

"बस. इथे असंच असतं, बाबा. हवं ते मागायचं, नको ते नको म्हणायचं."

मी भांडं मांडीवर घेतलं, उलटं केलं. पट्टी होती. आर्डिसच्या अक्षरात आर्डिसचं नाव. जोलीननंही पाहिलं. थोडा वेळ आम्ही दोघंही हवेबद्दल काही बोललो नाही.

"आता भांडी संपली," ती हळूच म्हणाली. "येतोयस ना?"

"नाही," मी म्हणालो.

"बाबा..."

"आत्ता तूच म्हणालीस, नको ते नको म्हणायचं. नको मला. तुझा फ्लॅट चांगला आहे, दांडा चांगला आहे. तुला इथे श्वास घेता येतो, तर तू इथेच राहा. मी इतके दिवस मूर्खासारखं तुला परत ये म्हणत होतो, ते आजपासून बंद. पण मला मरायला सोयीची जागा नको आहे. मला राहायला हवी आहे, आणि ती माझ्याकडे आहे."

"आणि पुन्हा अँब्युलन्स आली नाही तर?"

"त्याचं मी बघतो," मी म्हणालो. काय बघणार होतो, ते मला ठाऊक नव्हतं. पण फार जोरात म्हणालो.

ती रागावली. निघताना मात्र खिडकीतून हात आत घालून माझी कॉलर नीट केली, अगदी आईसारखी.

गावात शिरल्यावर आधी आयोनबाईंकडे गेलो. त्यांनी दार उघडलं, भांडं पाहिलं आणि म्हणाल्या, "कशाला एवढा त्रास? राहू द्यायचं."

"घ्या."

"अरे, पण..."

"तुमच्या आईचं आहे. घ्या."

मी ते त्यांच्या हातात कोंबलं. असं नॉर्बर्गमध्ये कोणी करत नाही. त्यांनी आत पाहिलं.

"रिकामं आहे," मी म्हणालो.

"दिसतंय मला," आयोनबाई म्हणाल्या, आणि त्यांनी फुलांवरून अंगठा फिरवला. "आत ये. कॉफी घे."

"चालेल," मी पहिल्याच फटक्यात म्हणालो. त्या दचकल्या, पण कॉफी दिली.

तिथून उठलो तो तडक आगीच्या बंबाच्या शेडवर. अँब्युलन्सही तिथेच असते. तिथल्या प्रमुख पोराला म्हणालो, मला चालवायला शिकव. तो म्हणाला, काका, तुमचं वय. मी म्हणालो, माझं वय दिवसा घरी असतं, शेतात नसतं. डोळे तपासा, हृदय तपासा, काय हवं ते तपासा. त्यांनी सगळं तपासलं. दुर्दैवानं मी ठणठणीत निघालो. ट्वायलानं आधी "असं कोणी आजवर केलेलं नाही" म्हणून पाहिलं. मी म्हणालो, मंगळवारी येऊन पुन्हा विचारतो, गुरुवारीही विचारतो. तिनं सोमवारीच सही दिली.

डेलमार पोट धरून हसला. "तू? तुला स्वतःचा ट्रक मागे घेता येत नाही! माझी टपालपेटी दोनदा पाडलीस!"

"म्हणून तर शिकतोय. तू पण ये. मागे बसायला माणूस लागतो."

"मला रक्त बघवत नाही."

"मग डोळे मिट. बोलत राहा. पेशंटला शुद्धीवर ठेवण्यासाठी तुझ्याइतका योग्य माणूस जिल्ह्यात नाही."

तो रुसला, आणि दुसऱ्या दिवशी आला.

काल दुपारी शेडमागच्या मैदानात मी ती गाडी मागे घ्यायला शिकत होतो. डेलमार मागून "ये, ये, ये, थांब, अरे थांब!" ओरडत होता. गाडी थांबवली तोच जोलीनचा फोन. त्या दिवसानंतर पहिलाच.

"बाबा, घरचा फोन उचलत नाहीस. कुठे आहेस?"

"अँब्युलन्समध्ये."

"बाबा! काय झालं? कोण आहे जवळ? तू... तू बोलू शकतोयस ना?"

"मागे नाही गं," मी म्हणालो. "पुढे बसलोय. चालवतोय."

मग पलीकडून आवाज आला. ती रडत होती का हसत होती, ते मला नीट सांगता येणार नाही. आर्डिसचंही मला कधी ओळखता यायचं नाही.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "पट्टा लावलायस ना?"

"लावलाय," मी म्हणालो. "ठेवतो आता. डेलमार गाडीमागे खांबापाशी उभा आहे आणि मला गाडी अजून मागे घ्यायची आहे."